लेआबाईंच्या उलट्या पिसांच्या कोंबड्या

रोहन, तुझ्या वर्गात काचेच्या पेटीत अंडी उबवली आणि पिल्लू बाहेर आलं तेव्हा बाईंसुद्धा खुर्चीवरून उठल्या, असं तू फोनवर सांगितलंस. मग "आजी, तू कधी असं पाहिलं आहेस का?" एवढं विचारलंस आणि फोन अनयाने ओढून घेतला. तेव्हा उत्तर राहून गेलं, ते लिहून पाठवते आहे. फोनवर मला धड सांगताही आलं नसतं. बोलताना माझी गोष्ट भरकटते, लिहिताना मी क्रम सोडत नाही.

पाहिलं आहे. पेटीत नाही, टोपलीत. आणि ती टोपली होती श्रीवर्धनच्या लेआबाईंची.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी लग्न होऊन श्रीवर्धनला आले. मुंबईला बी.ए. झालेली मुलगी सुपारीच्या वाडीत कशी राहणार, ही माझ्या माहेरची काळजी, आणि ही मुलगी आपल्या वाडीचं काय करणार, ही सासरची. आमच्या वाडीला लागून करवंदीचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे लेआबाईंचं कौलारू घर. त्या बेने इस्राएल होत्या. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहिलेल्या ज्यू लोकांपैकी. पूर्वी या लोकांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घाणे केव्हाच गेले होते. शनिवार मात्र राहिला होता.

लेआबाई नऊवारी नेसत आणि माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलत. मी हे एकदा त्यांना म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमी शाळेत शिकलात वयनी, आमी चुलीपाशी. चुलीपाशी शिकलेलं धुरानं पक्कं होतं." चष्म्याची एक काडी मोडलेली होती, तिथे त्या सुतळी बांधून ती कानामागून अंबाड्याला अडकवीत. यजमान सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि लवकरच वारले. मुलगा एझ्रा मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात होता. घरात त्या एकट्या आणि त्यांच्या कोंबड्या.

या कोंबड्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला वाटलं, कुठल्यातरी रोगाने पछाडल्या आहेत. पिसं अंगाला चिकटून मागे वळायची, ती यांची पुढे वळलेली. प्रत्येक पीस टोकाशी कुरळं होऊन डोक्याकडे पाहत असे. पाठमोऱ्या वाऱ्यात उभी असलेली कोंबडी जशी विस्कटते, तशा या वारा नसतानाही विस्कटलेल्या. गावात त्यांना नुसतं 'उलटी' म्हणत. एकेकाळी दिघीपासून हरिहरेश्वरापर्यंत घरटी एखादी असायची म्हणे. मी आले तोपर्यंत लेआबाईंच्या अंगणाबाहेर ती दिसत नव्हती.

कारण सांगते. कुणाला कुणी करणी केली असा संशय आला की भगत उलट्या पिसांचं कोंबडं मागायचा. करणी उलटवायची तर पिसंही उलटी हवीत, असा तो हिशोब. अशी एकेक करून सगळी उताऱ्यावर गेली. शिवाय पाळायलाही ती कठीण. पावसात पिसांवरून पाणी ओघळून जात नाही, कातडीपर्यंत मुरतं, आणि कोंबडी थंडीने मरते. आषाढ-श्रावणात लेआबाईंच्या पडवीत माणसाला बसायला जागा नसे.

कुंपणावरून भांडण रोजचं. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या बाबाची आजी, कडक सोवळ्याच्या. अंड्याचं टरफल वाडीत सापडलं तर त्या जागी शेणाचा सडा पडायचा. कोंबड्या येऊन सुपारीची आळी उकरीत, आणि सासूबाई न्हाणीच्या दारातून ओरडत, "लेआबाई, तुमच्या बायकांना आवरा!"

"मोठ्या वयनी, त्या माझं ऐकत्या तर मी त्यांना सुना म्हटलं असतं!"

'बायका' हा शब्द बरोबर होता, कारण प्रत्येकीला नाव होतं. ज्या नातेवाईक बायकांनी लेआबाईंना आयुष्यात छळलं त्यांचीच ती नावं. एक 'वन्सं', एक 'जाऊबाई', आणि सतत कुरकुरणारी एक 'पनवेलची आत्या'. कोंबडा मात्र 'सुभेदार'. "आमचे यजमान हवालदारच राहिले," त्या म्हणत, "घरात कुणीतरी सुभेदार नको का?" सुभेदार खरोखरच मान ताठ करून कवायतीची पावलं टाकायचा, आणि उलट्या पिसांमुळे झालर लावलेला डगला घातल्यासारखा दिसायचा.

उलटीची उलटीशी गाठ मात्र त्या घालीत नसत. तसं केलं तर पिल्लांत काही अगदी उघडीबोडकी निघतात, पिसं येतात आणि मोडून पडतात. म्हणून सुभेदाराच्या संगतीला सुलट्या पिसांच्या कोंबड्या, त्याच घराण्यातल्या. "एक उलटा, एक सुलटा, तरच संसार," असं त्या म्हणत, आणि हा नियम त्यांनी कोंबड्यांपुरता ठेवला नव्हता. गावात कुणाचं लग्न ठरलं की त्या विचार करून सांगत, "दोगंबी सुलटे. कंटाळतील." माझ्याकडे आणि तुमच्या आजोबांकडे आळीपाळीने पाहून एकदा म्हणाल्या, "तुमचं बरं हाय वयनी." आमच्यातलं उलटं कोण, ते विचारलं तर हसून पदर तोंडाला लावला.

अंडी बसवण्याचा दिवस ठरलेला असे. रविवार. यात त्यांचं एक गणित होतं. कोंबडी तीन आठवडे अंड्यांवर बसते, म्हणजे ज्या वारी बसवाल त्याच वारी पिल्लं निघतात. शनिवारी त्या कुठलंच काम करीत नसत. चूल पेटवायची नाही, काही उचलायचं-ठेवायचं नाही. कोंबडीने शनिवारी घातलेल्या अंड्यालाही तारे दिसेपर्यंत हात लावीत नसत. मग पिल्लांनी शनिवारी जन्म घेऊन कसं चालेल? "माझी पोरं कवचातच शब्बाथ पाळतात," असं त्या अभिमानाने सांगत.

रविवारी सकाळी मी कधी कधी कुंपण ओलांडून बघायला जायची. बसायला तयार झालेल्या, अंग फुगवून कुरकुरणाऱ्या कोंबडीला खुडूक म्हणतात. अशी खुडूक कोंबडी एका हाताखाली, टोपलीत भाताचं तूस, वर मऊ पेंढा, आणि पेंढ्याखाली मोडक्या विळ्याचं पातं. ढग गडगडला तर आत जीव दगावू नये म्हणून ते लोखंड. मी विचारलं, हे तुमच्या धर्मात आहे का? "न्हाय हो. हे कोंबडीच्या धर्मात हाय."

आठवड्याने अंड्यांची परीक्षा असे. माजघराच्या पूर्वेच्या खिडकीला लाकडी झडप होती आणि तिला एक भोक. सकाळी त्या भोकातून उन्हाची काठी आत यायची. लेआबाई अंडं त्या भोकाला टेकवून धरत आणि अंधारात ते अंडं पेटल्यासारखं केशरी होई. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आत लाल बारीक रेषांचं कोळिष्टक दिसलं, आणि मध्ये एक ठिपका, जो हलला. मी इतकी पुस्तकं वाचली होती, पण तेवढा वेळ मला एकही आठवलं नाही. ज्यात कोळिष्टक नसे ते अंडं त्या बाजूला काढत, "रिकामं," एवढंच म्हणून.

खाण्याच्या अंड्याची तऱ्हा नेमकी याच्या उलट. ते आधी काचेच्या वाटीत फोडायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर राखेच्या खड्ड्यात. "जीव धरलेलं खायचं न्हाय, आन न धरलेलं बसवायचं न्हाय. एवढं कळलं की झालं," त्या म्हणत.

त्यांच्याकडे मासळी घेऊन गोमाबाई यायची, कोळीवाड्यातली. मोठा आवाज, त्याहून मोठं हसू. लेआबाई कोलंबी घेत नसत, खेकडा घेत नसत. त्यांच्या धर्माने मासा खवल्याचा आणि पराचाच हवा. गोमा मुद्दाम टोपलीत वर कोलंबी मांडून आणायची.

"बगा तं लेआबाय, कशी ताजी हाय! डोले बगा तिचे!"

"तिचे डोळे नको दावूस. खवलं दाव."

"आता हिला खवलं कुठशी आनू? शिवून लावू?"

हा खेळ वर्षानुवर्षं चालला. दोघींनाही त्याचा कंटाळा आला नाही.

भगताचे लोक लेआबाईंकडे येतच. एकदा गावातला एक मोठा बागाईतदार स्वतः आला. भावाशी जमिनीची कज्जेदलाली चालू होती आणि भावाने करणी केली आहे, असं त्याने मनाशी घेतलं होतं. पडवीत ऐसपैस बसून तो उलट्या कोंबडीची मागणी करू लागला. म्हणाल ते देतो, म्हणाला. लेआबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या, त्या थांबल्या नाहीत.

"दादा, देवानं हिची पिसं उलटी केली ती तुमचा भाऊ सुलटा करायला न्हाय."

तो रागाने उठून गेला. पुढे बरेच महिने आमच्या आळीतून जाताना त्यांच्या दारासमोर थुंकायचा. पण त्याच पावसाळ्यात गोमाबाईची सून बाळंतपणानंतर तापाने बरळू लागली. डॉक्टर येऊन गेला, औषध सुरू होतं, तरी भगताने उलटी मागितली होती. गोमा लेआबाईंकडे आली नाही. लेआबाई उताऱ्याला कोंबडी देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. लेआबाईच भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन कोळीवाड्यात गेल्या आणि 'जाऊबाई'ला तिच्या हातात देऊन आल्या. मी नंतर म्हटलं, तुमचा तर यावर विश्वास नाही. त्या ओल्या केसांचं पाणी पिळत म्हणाल्या, "माजा न्हाय. पन पोर तिची आजारी, का माजी?" सून बरी झाली. औषधाने, असं मी अजूनही मानते. लेआबाईंनी कशाने ते कधी विचारलं नाही.

आणखी एक संकट आलं ते चांगल्या हेतूने. विकासाच्या योजनेत सरकारी साहेब गावोगाव पांढरे विलायती कोंबडे घेऊन फिरू लागले. गावठी कोंबडा द्या, विलायती घ्या, पुढची पिलावळ दुप्पट अंडी देईल. ते खोटं नव्हतं. गावाने आनंदाने कोंबडे बदलले. साहेब लेआबाईंच्या अंगणातही आले आणि सुभेदाराला पाहून त्यांना हसू आवरेना.

"बाई, हा काय उपयोगाचा?"

"काय न्हाय उपयोगाचा," लेआबाई म्हणाल्या.

"मग ठेवता कशाला?"

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. त्या लग्न होऊन म्हसळ्याजवळच्या खेड्यातून बैलगाडीने आल्या तेव्हा त्यांच्या आईने टोपलीखाली एक उलटी कोंबडी आणि एक कोंबडा झाकून दिला होता. आई गेली, भाऊ गेले, ते घर पडलं, तिथे आता कुणी नाही. "सायेब, माजं म्हायेर तेवढंच चालतं-फिरतं उरलंय." साहेब भला माणूस होता. त्याने टोपी सारखी केली आणि दुसऱ्या घरी गेला. तरी त्या दिवसापासून सुभेदार हा पंचक्रोशीतला एकटा गावठी कोंबडा उरला.

मग एका हिवाळ्यात एझ्रा आला आणि आईला सांगू लागला, की यादीत नावं लागली आहेत, पावसापूर्वी इस्राएलला जायचं. त्यांच्यातली बरीच घरं तशी गेली होती. दुसऱ्या दिवशी लेआबाई कुंपणापाशी येऊन मला म्हणाल्या, "पोरगा एकच हाय वयनी. त्याच्या मागं जायलाच पायजे." आणि थोड्या वेळाने, "कोंबड्यांना न्हाय नेता येत. विचारलं मी."

त्यांनी गोमाबाईला सुभेदार आणि त्याचा गोतावळा द्यायचं ठरवलं. आणि मग होळीच्या सुमाराला एक मुंगूस दिवसाढवळ्या अंगणात शिरलं आणि त्याने सुभेदाराचा गळा फोडला. सुभेदार पळाला नाही, कोंबड्यांच्या पुढे उभा राहिला. लेआबाईंनी त्याला शिजवलं नाही, माडाखाली पुरलं. उलट्या पिसांच्या कोंबड्या पावसाळ्यांनी एकेक करून नेल्या होत्या, तेव्हा एकही उरली नव्हती. ज्या होत्या त्या सगळ्या सुलट्या. आता जे काही होतं ते त्यांच्या पोटातल्या अंड्यांत. कोंबडा गेल्यावरही थोडे दिवस कोंबडी जीव धरणारी अंडी देते, मग नाही. लेआबाई ती अंडी तांदळाच्या डब्यात जपून ठेवू लागल्या. यातून एक उलटा कोंबडा निघाला तर घराणं राहिलं, नाहीतर संपलं.

पण खुडूक कोंबडीच मिळेना. अंडी शिळी होत चालली. आणि एका शनिवारी दुपारी 'पनवेलची आत्या' कोपऱ्यात अंग फुगवून बसली. लेआबाईंनी अख्खी दुपार तिच्याकडे नुसतं पाहत काढली. आकाशात तीन तारे दिसले, शनिवार संपला, त्यांच्या पंचांगात रविवार लागला, आणि त्याच घटकेला त्यांनी अंडी तिच्याखाली सरकवली. जन्मभर त्या रविवारी उजाडल्यावर बसवीत आल्या होत्या. या वेळी रात्रभर थांबणं त्यांना जमलं नाही, आणि धर्माच्या हिशोबाने काही चुकलंही नव्हतं. चुकलं होतं ते एवढंच, की दिवस तिन्हीसांजेला बदलतो हे अंड्यातल्या जिवाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात चैत्राचं ऊन. पिल्लांनी घाई केली.

तो शनिवार मला स्पष्ट आठवतो. सकाळी उशिरा मी कुंपणापाशी जास्वंदी काढत होते. लेआबाई पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीत, एकावर एक घट्ट. त्यांच्यापासून दोन हातांवर टोपली. आत्या दोन-तीन पिल्लं घेऊन केव्हाच अंगणात उतरली होती. पहिली पिल्लं चालू लागली की कोंबडीला उरलेल्यांचा विसर पडतो. टोपलीत टोचा मारलेली अंडी तशीच होती आणि आतून चिवचिव येत होती. मी वाकून पाहिलं तर टोपलीच्या काठावर तांबड्या मुंग्यांची रांग चढत होती.

"लेआबाई, अहो, मुंग्या!"

"दिसतंय."

"मग?"

"काय न्हाय वयनी. शनिवार हाय."

त्यांचा आवाज अगदी सरळ होता. पण खालचा ओठ त्यांनी दातांत धरला होता. मी म्हणाले, मी येऊ का, काय करू, सांगा. त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, येऊ नका म्हणतात.

मी घरात येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या सोवळ्याने स्वयंपाक करत होत्या. पळी हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, "तू तिला विचारलंस?"

"हो. काय करू म्हणून."

"विचारायचं नसतं. तिने सांगितलं तर तिने केल्यासारखंच झालं. एवढं कळत नाही का?" त्यांनी पळी खाली ठेवली, आमटी उतरवली, न्हाणीतल्या बंबातून तांब्याभर कोमट पाणी घेतलं आणि एक धुवट फडकं.

"अहो पण, तुमचं सोवळं..."

"मला एक अंघोळ पुरते," सासूबाई म्हणाल्या. "तिचं तसं नाही."

आणि ज्या बाईने टरफलावर सडा घातला होता ती कुंपणाच्या खिंडीतून पलीकडे गेली. पडवीत चढताना मोठ्याने, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय या मुंग्या! उद्या आमच्या वाडीत येतील. मी आपली झटकते आहे हो, कुणी काही म्हणू नका!"

लेआबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे ओठ हलत होते. शनिवारची प्रार्थना असेल किंवा दुसरी कुठली.

सासूबाईंनी आयुष्यात अंड्याला हात लावला नव्हता. शाळिग्राम उचलावा तसं त्यांनी पहिलं अंडं तीन बोटांनी उचललं, फुंकर मारून मुंग्या उडवल्या, कोमट पाण्याने भिजवलेल्या फडक्यात ठेवलं. मग दुसरं. मग त्यांची भीड गेली. एका अंड्यात आतलं पापुद्र्यासारखं आवरण सुकून पिल्लाच्या अंगाला चिकटलं होतं, त्याला डोकं फिरवता येत नव्हतं. सासूबाईंनी आयुष्यभर ओली सुपारी सोलली होती. त्यांनी तो पापुद्रा थोडा थोडा ओला करून नखाने सोडवला, रक्त दिसलं की थांबायच्या, पुन्हा सुरू करायच्या. मुंग्या त्यांच्या मनगटाला चावत होत्या. दोन पिल्लं आधीच गेली होती, ती त्यांनी पदराआड करून उचलली, भिंतीकडे तोंड केलेल्या बाईला दिसू नयेत म्हणून. बाकीची जगली. शेवटी अंगणात जाऊन त्या आत्यावर ओरडल्या, "अगं ए, तुझी आहेत ही! चल!" आणि आश्चर्य म्हणजे ती परत येऊन बसली.

विहिरीवर अंघोळ करून आल्यावर सासूबाईंनी आमटी पुन्हा नव्याने टाकली. त्या दिवशी आम्ही फार उशिरा जेवलो आणि कुणीही कारण विचारलं नाही.

तारे दिसल्यावर लेआबाई कुंपणापाशी आल्या. "मोठ्या वयनी," त्यांनी हाक मारली, "मुंग्या गेल्या का हो?"

"गेल्या."

"बरं झालं."

एवढंच बोलणं झालं.

नुकत्या जन्मलेल्या पिल्लाकडे पाहून ते उलटं की सुलटं ते कळत नाही. सगळी सारखीच मऊ लवेची, पिवळी-तपकिरी. पंखाची खरी पिसं फुटली की टोक वळतं का ते बघायचं. लेआबाई रोज सकाळी एकेकाचा पंख उलगडून पाहत. बहुतेक सुलटी निघाली. एकाच पिल्लाचं पीस वळलं. ते होतं सासूबाईंनी नखाने सोडवलेलं, असं सासूबाईंचं म्हणणं. लेआबाई म्हणत, "असेल." खात्री कुणालाच नव्हती.

आता ते कोंबडा की कोंबडी? तुरा थोडा लालसर दिसू लागला तेव्हा गोमाबाई म्हणाली, "कोंबराच हाय! घ्या, पेढं वाटा." लेआबाई म्हणाल्या, "असाच तुरा पाहून मी मागं एकदा फसले, आन पुढं तिनं अंडं घातलं. आरवल्याबिगर कोंबडा म्हणायचं न्हाय." त्यांना वाटलं होतं, पाऊस लागेपर्यंत वेळ आहे. पण एझ्राचा निरोप आला, जायचं लवकर ठरलं आहे, पुढच्या बोटीने न्यायला येतो.

शेवटच्या दिवशी त्यांनी पिल्लं गोमाबाईच्या हवाली केली. मी तिथे होते. गोमा नेहमीसारखी हसत नव्हती.

"लेआबाय, आदीच सांगतंय. घरात कुनी पडला, आन भगतानं मांगितला, तं मना न्हाय बोलाय जमायचा न्हाय."

मला वाटलं, आता त्या वचन मागतील. त्यांनी गोमाच्या डोक्यावर हात ठेवला. "मागितली तर दे. पन त्याच्या आदी दोन अंडी बसव. एवढंच कर."

"आन यो कोंबरा नसला तं?"

"नसला तर न्हाय," लेआबाई म्हणाल्या. "तर मग माजं म्हायेर इथवरच होतं."

श्रीवर्धनला बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात थांबायची आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. त्या सकाळी किनाऱ्यावर बरीच माणसं होती. एझ्रा ट्रंका सांभाळत होता. सासूबाई सहसा बंदरावर येत नसत, त्या दिवशी आल्या होत्या. दोघी वयाने इतक्या सारख्या, पण एकमेकींना नमस्कार कसा करायचा तेच त्यांना सुचेना. शेवटी लेआबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरून ते आपल्या डोळ्यांना लावले. मग घोट्याइतक्या पाण्यातून चालत गेल्या, खलाशांनी हात दिला आणि त्या पडावात आमच्याकडे पाठ करून बसल्या. मागे वळून पाहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. पडाव सुटला.

गोमाबाई उशिरा, धावत आली. काखेत झाकलेली टोपली. जाण्याआधी त्यांना एकदा पिल्लू दाखवावं असं तिच्या मनात होतं. "गेली? गेली का बाय?" ती रडवेली झाली. तेवढ्यात दूर उभ्या बोटीने भोंगा वाजवला, लांब, घोगरा. गोमाच्या काखेतली टोपली हलली आणि आतून एक आवाज आला. फाटका, चिरका, मध्येच तुटलेला. थांबून पुन्हा आला, या वेळी थोडा लांब.

आणि मग माझ्या सासूबाई, ज्यांचा आवाज आमच्या आळीबाहेर कधी गेला नव्हता, लुगड्याचा घोळ हातात धरून सरळ पाण्यात शिरल्या.

"लेआबाई! आरवला हो! कोंबडा आहे! कोंबडा!"

सारा किनारा हसायला लागला. गोमाने पिल्लू टोपलीतून काढून दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. वारा समुद्राकडून येत होता, आवाज आमच्याच तोंडावर परत येत होता. सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून तेच तेच ओरडत होत्या.

पडाव बराच दूर गेला होता. त्यात एक बाई एकदम उठून उभी राहिली. पडाव हाकणारा तांडेल काहीतरी ओरडला, पडाव एका बाजूला कलला, एझ्राने तिला दंडाला धरून खाली ओढलं. ती बसली, आणि या वेळी तोंड आमच्याकडे करून बसली. तोंडाला पदर लावलेला दिसत होता. पडाव बोटीच्या सावलीत जाईपर्यंत तिने तो काढला नाही.